कप्तानाला खाच पडली, त्याची हकिगत

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायांशी,

गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही, म्हणून शरीराने अर्धा आणि मनाने पुरा वाकून केलेला नमस्कार पोचावा. इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक आहोत (सगळे म्हणजे मी, ही आणि कुलपांचं दुकान). ताईचा खोकला कसा आहे? मागच्या वेळी खोकल्याच्या दोन उबळींमधल्या मोकळ्या जागेत तिने फोनवर मला जे काही सुनावलं, त्यावरून छाती भक्कम असावी. तुमची कवळी बसली का? बसली नसेल तर घाई करू नका, तुम्ही मुळात बोलताच कुठे. दुकानातलं तुमचं स्टूल जागच्या जागी आहे. शेजारचा शिंपी त्याच्यावर कापडाचे तागे आणून ठेवतो आणि मी ते रोज उचलून त्याला परत देतो. यावरून आमचं रोज थोडं भांडण होतं आणि दिवस बरा जातो.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टकार्डावर एकच ओळ होती, ‘मला मारू नका’, आणि खाली सही. कार्ड उघडं असल्यामुळे पोस्टमनने ते वाचलं होतं, आणि हातात देताना तो माझ्यापासून जरा लांब उभा राहिला. दाजी, काळजी सोडा. साप्ताहिकात चालू असलेल्या माझ्या कादंबरीतला खलनायक, मौनी, तुमच्यावरून घेतलाय हे मी कुणाला बोललो नव्हतो. तुम्हीच ओळखलंत. तसं ओळखणं अवघड नव्हतं म्हणा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून काचांच्या वरून बघणं, प्रश्न विचारला की आधी रुमालाची घडी घालणं आणि घडी झाली की उत्तर न देणं, हे दुसऱ्या कुणाला जमतं? बसडेपोतले दांडगे ड्रायव्हर तुमच्या नुसत्या बघण्याने ओळीत उभे राहायचे, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. दुसरा कुणी असता तर नातं तोडून मोकळा झाला असता. तुम्ही शेजारीपाजारी अंक वाटलेत. ताई रागावली आहे ती वेगळ्याच कारणाने, मौनीला बिनलग्नाचा का दाखवला म्हणून. तिचं म्हणणं रास्त आहे. त्याचं खाली लिहितो.

तर मारायचं घाटत होतं ते तुम्हाला नव्हे, मला. म्हणजे कादंबरीच्या नायकाला, कप्तानाला. (कप्तान माझ्यावरून घेतलेला नाही. तो पहाटे उठतो, प्रार्थना करतो, चहा पीत नाही आणि खोटं बोलत नाही, एवढंच साम्य आहे. असं साम्य कुणाशीही निघू शकतं.) झालं असं की वाचकांची पत्रं येतात ती सगळी मौनीला. एका बाईंनी मौनीसाठी मफलर विणून पाठवला, कारण सातव्या भागात तो धक्क्यावर थंडीत उभा होता. त्याच धक्क्याखाली, त्याच थंडीत, कप्तान गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. त्याला कुणी हातरुमालही पाठवला नाही. कप्तानाबद्दल आजवर एकच पत्र आलं. एका बापाने लिहिलं होतं की कप्तानाचं पान वाचायला घेतलं की आमचं बाळ लवकर झोपतं, फार आभारी आहोत.

संपादकबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई मनाने चांगल्या आहेत, पण बोलताना शब्दाला अस्तर लावत नाहीत. म्हणाल्या, पुढच्या अंकात कप्तान मरू दे, कादंबरीचं नाव ‘मौनी’ ठेवू. मी म्हणालो, नायक मेला तर वाचक काय म्हणतील? त्यावर बाई म्हणाल्या, “अहो, तो गेला हे त्यांना दोन भागांनंतर कळेल.” मी उठलो. बाई म्हणाल्या, बसा, चहा घ्या. मी चहा घेत नाही म्हणालो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, “आता कळलं, हा माणूस येतो कुठून ते.” शनिवारी सकाळपर्यंत मुदत मिळाली. बाई म्हणाल्या, कप्तान असा लिहून दाखवा की तो मेला तर मला वाईट वाटेल, नाहीतर मीच मारते.

दाजी, मी जिन्यावरून उतरतानाच ठरवलं, कप्तान मरणार नाही. हा हट्ट नुसता कागदावरच्या माणसासाठी नाही. मी गावच्या एकशिक्षकी शाळेत शिकलो. मास्तर गोष्ट सांगायचे, तेव्हा ऋषी बोलत असला की पोरं एकमेकांच्या पाठीत पेन्सिली टोचायची, आणि दरोडेखोर आला की भिंतीवरच्या पालीसुद्धा थांबून ऐकायच्या. नाटकात सगळ्यांना दरोडेखोर व्हायचं असे, कारण त्याला कोळशाची मिशी मिळे. मला दर वर्षी ऋषी मिळाला. एक हात वर करून उभं राहायचं, एवढंच काम. मी ते काम नेकीने केलं आणि पुढे जन्मभर तसाच हात वर करून उभा राहिलो, असं कधी कधी वाटतं. आता पन्नाशी आली. चांगलं वागणं ही जर सांगण्यासारखी गोष्टच नसेल, तर मी इतकी वर्षं केलं काय? आणि सर्वांत लागलेली गोष्ट सांगतो. त्या संध्याकाळी मी हिला विचारलं, तू तरी कप्तानाचं वाचतेस ना? ही म्हणाली, “चाळते.”

मग चौकशी सुरू केली. शिंप्याला विचारलं, तुला मौनी का आवडतो? त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या (म्हणजे विषय त्याला गंभीर वाटला) आणि सांगितलं, मौनीच्या कोटाला तुम्ही आतून जांभळं अस्तर दिलंय. ते कुणाला दिसत नाही, फक्त त्याला माहीत आहे. कप्तानाच्या अंगावर काय आहे? ‘स्वच्छ कपडे.’ हे काय वर्णन झालं? हॉस्पिटलातल्या खाटेवरही स्वच्छच असतं. हिला विचारलं तेव्हा ती धुतलेली चादर झटकत होती. चादरीच्या पलीकडून म्हणाली, “मौनीला काहीतरी हवं असतं हो. तुमच्या कप्तानाला काहीच नको असतं. चहासुद्धा नको असतो. ज्याला काही नको, त्याची काळजी मी कशाला करू?”

मी दोघांचंही मनावर घेतलं आणि चुकीच्या बाजूने सुरुवात केली. कप्तानाला कपाळावर व्रण दिला. एक मोटरसायकल दिली. लहानपणीच आईबाप वारलेले दिले. तो भाग शिंप्याला वाचून दाखवला, तर व्रणापर्यंत तो हुंकार देत होता, मोटरसायकलपाशी गप्प झाला आणि आईबाप वारेपर्यंत बसल्या जागी झोपला. हातातली इस्त्री मात्र गिऱ्हाइकाच्या पँटवर जागी होती. गिऱ्हाईक पेहेलवान आहे. तेव्हापासून शिंपी मागच्या दाराने ये-जा करतो आणि याला मी जबाबदार आहे असं सगळ्यांना सांगतो.

मग वाटलं, खलनायक लोकांना ओढतो कसा, हे आधी अंगाने शिकावं. एक दिवस मी तुम्ही झालो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात रुमाल, तोंड बंद. काय सांगू दाजी, एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता! एक गिऱ्हाईक तावातावाने आलं की कुलूप खराब दिलंत. मी घडी घालत बघत राहिलो. तो आधी जोरात बोलला, मग हळू बोलला, मग त्याने कबूल केलं की पोराने भोकात च्युइंगगम कोंबलंय. जेवायला बसल्यावर हिने विचारलं, मीठ कमी आहे का? मी काही बोललो नाही. तिने मीठ पुढे सरकवलं, लोणचं सरकवलं, मग स्वतःच्या ताटातली पोळी सरकवली. मी मनात म्हटलं, हेच ते! जो बोलत नाही त्याच्या मनातलं लोक स्वतःच भरून घेतात. वाचक मौनीत निम्मं स्वतःचं घालतो. कप्तान सगळं बोलून मोकळा होतो, वाचकाला घालायला जागाच ठेवत नाही. हा शोध लागला त्याच क्षणी हिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरलाही मी उत्तर दिलं नाही. त्याने इंजेक्शन काढलं, तेव्हा मौन सुटलं.

शुक्रवार उजाडला. दुकानामागच्या खोलीत बसून लिहायचं ठरवलं. कुणी मध्ये येऊ नये म्हणून त्या दाराला मी मौनीचं कुलूप बसवलं होतं. (कादंबरीत मौनी जे कुलूप बनवतो, ते मी आधी खरोखर बनवून पाहिलं होतं. जे चालणार नाही ते लिहायचं नाही, हा माझा नियम.) दार ओढलं की ते खट्कन आपोआप बसतं, आणि उघडायला आतून काय, बाहेरून काय, किल्लीच लागते. किल्ली खिशात होती, कागदाच्या पुडीत. आत गेलो, दार ओढलं, प्रार्थना केली, पान लिहिलं, पान फाडलं. दुपारी बाहेर यावं म्हणून पुडी उघडली, तर आत कोरी किल्ली.

कोरी किल्ली म्हणजे दात न पाडलेली किल्ली. सरळ, गुळगुळीत, चकचकीत. दिसायला ती सगळ्या किल्ल्यांत देखणी असते आणि ती एकही कुलूप उघडत नाही. झालं असं होतं की तुमच्या निवृत्तीला भेट म्हणून, जुडग्यात शोभेला अडकवायला, मी एक कोरी किल्ली चकाकवून ठेवली होती, आणि मौनीच्या कुलपाची खरी किल्लीही त्याच दिवशी पुसून ठेवली होती. दोन्ही एकसारख्या कागदात. एक पुडी टपालाने तुमच्याकडे गेली. कोणती गेली, ते आता कळत होतं.

सुरुवातीला मी शांत होतो. अगदी कप्तानासारखा. मांडी घातली, देवाचं नाव घेतलं, म्हटलं, जशी तुझी इच्छा. थोड्या वेळाने शिंपी इस्त्रीसाठी कोळसा मागायला आला. दारावर टकटक केली, तर मी म्हणालो, नंतर ये, लिहितोय. (हे खोटं नव्हतं. हातात पेन होतं.) मग ही आली. तिलाही तेच सांगितलं. पण हिच्याशी संसार झालाय, आवाजावरून तिने ओळखलं. म्हणाली, “अडकलात ना?” मी म्हणालो, नाही, बसलोय. “मग उघडा.” मी म्हणालो, आता उघडलं तर विचार तुटेल. पलीकडे शिंप्याच्या हसण्याचा आवाज आला. तो कोळसा घ्यायला आलेला माणूस, गेलाच नव्हता.

ही म्हणाली, नाक्यावरच्या कुलपवाल्याला बोलावते. दाजी, त्या माणसाला तुम्ही पाहिलंय. माझ्यानंतर दुकान टाकलं आणि माझ्यापेक्षा मोठी पाटी लावली. मी ओरडलो, “त्याला बोलावलंस तर मी इथेच राहीन!” ही म्हणाली, दार तोडू? मी म्हणालो, कुलपाच्या दुकानाचं दार तोडलेलं गल्लीला दाखवायचंय का तुला? तेवढ्यात पेहेलवान पँटची चौकशी करायला आला आणि थांबला. मग औषधवाला आला. आत बसून मला पावलं ऐकू येत होती. कुणीतरी बाकडं ओढलं. आता काय म्हणतो, असं एकाने विचारलं. शिंपी माझं एकेक वाक्य मोठ्याने सांगत होता, आणि नंतर आलेल्यांना पहिल्यापासून. तोच शिंपी, जो कप्तानाचे आईबाप वारताना झोपला होता!

आणि मला चहा हवासा वाटला. किती वर्षांत नाही, असा. तोंडाने कधी सांगितलं नाही, पण चहा सोडल्याचा मला फार अभिमान होता. देवासाठी सोडला असं म्हणत होतो. खरं तर लोकांनी ‘घ्या हो थोडा’ म्हणावं आणि मी नको म्हणावं, यासाठी सोडला होता. मी दाराला तोंड लावून हळूच म्हणालो, चहा मिळेल का? मग शिंप्याने ते जाहीर केलं आणि गल्लीत टाळ्या पडल्या. दाराखाली बोटभर फट आहे. ही बशीत चहा ओतून फटीतून सरकवू लागली, आणि मी पालथा पडून प्यालो. देवाची शपथ सांगतो, त्या बशीत मला जे समाधान मिळालं ते सोडण्यात कधीच नव्हतं. रिकामी बशी परत सरकवली तेव्हा पलीकडून ही म्हणाली, “अजून देऊ?” त्या आवाजात अशी काही माया होती की वाटलं, हिने आता माझं पान चाळलं नाही, वाचलं.

मग मी कानस मागितली. ती बशीवरून आली. कोरी किल्ली कुलपात घालून नेटाने पिळायची. आतले खिळे जिथे अडतात तिथे तिच्या अंगावर बारीक चट्टा उमटतो. चट्टा पडला तिथेच घासायचं, पुन्हा घालायची, पुन्हा पिळायची. कुठे कमी व्हायचं, ते किल्ली ठरवत नाही, कुलूप सांगतं. हे काम मी शेकडो वेळा केलंय, पण पालथा पडून, पोटात चहा असताना, पहिल्यांदाच मला त्याचा अर्थ लागला. मौनी म्हणजे कुलूप. कप्तान कुठे गर्विष्ठ आहे, कशाला भितो, कशासाठी तळमळतो, हे मौनीला भिडल्याशिवाय कळणार नाही. मी कप्तानाला नुसता चकाकवत बसलो होतो, आणि मौनीला मात्र जागोजाग खाचा दिल्या होत्या, कारण तुम्ही समोर बसलेले होतात. देवानेही आपल्याला असंच ठिकठिकाणी घासून पाठवलं असावं. जिथे आपण कमी, तिथेच तर दुसरा माणूस बसतो.

असा एकेक दात पडत गेला आणि दार उघडलं. रात्रीचं जेवण होण्याआधी भाग लिहून झाला. मौनी कप्तानाला कोंडतो. कप्तान मदतीला आलेल्यांना गर्वापायी परत पाठवतो, मग खोटं बोलतो, मग चहा मागतो. शेवटी दाराखालून एक कानस आत येते. कुणी सरकवली? मौनीने. का, तर कप्तान गेला तर त्याला तोडीस तोड दुसरं कोण आहे? कुणासमोर घालायची ती रुमालाची घडी?

शनिवारी संपादकबाईंनी माझ्यासमोर वाचलं. मध्ये एकदा त्यांनी स्वतःचा चहा बाजूला सारला. शेवटी म्हणाल्या, “बशी सरकते तिथे मला भीती वाटली, सांडेल म्हणून.” मग म्हणाल्या, कप्तान जगू दे. पण एक लक्षात ठेवा, त्याला हवं ते सारखं देऊ नका. मिळालं की संपला.

तेव्हा दाजी, दोघेही जिवंत आहोत. कादंबरी चालू आहे आणि मी ती शेवटाला नेणार, हे नक्की. ताईला नमस्कार, आणि कवळीला सबुरी.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. ताईला सांगा, मौनीचं लग्न झालेलंच होतं, मी फक्त लिहिलं नव्हतं. पुढच्या भागात कळेल की हा माणूस जगात एकाच व्यक्तीला भितो. ती खोकते.

ता. क. हिने पत्र वाचलं आणि आता ही ‘दार उघडलं’ या शब्दांवर बोट ठेवून उभी आहे. शेवटची खाच काही केल्या मला सापडली नाही. मग मी स्वतः म्हणालो की नाक्यावरच्याला बोलवा, आणि किल्ली फटीतून बाहेर दिली. त्याने ती उजेडात धरली, कानशीचा एक हात मारला आणि दार उघडलं. हसला नाही. उलट म्हणाला, कुलूप फार सुरेख बनवलंय. मला त्याचा राग येईना, हेच फार अवघड गेलं. आता तो दुपारी चहाला येतो.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. मौनीच्या कुलपाची खरी किल्ली तुमच्या जुडग्यात आहे. ती टपालाने पाठवू नका, टपालाचा भरवसा नाही. (भरवसा आहे. पोस्टमन सगळं वाचतो, पण पोचवतो.) स्वतः घेऊन या. निवृत्त झाल्यापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत. तुमच्या स्टुलासमोर मी बुद्धिबळाचा पट मांडून ठेवलाय; नाक्यावरचा खेळतो, पण खेळताना फार बोलतो. संपादकबाई म्हणतात, नायकाला हवं ते मिळू द्यायचं नाही. पण हे पत्र त्यांच्याकडे जात नाहीये, तुमच्याकडे येतंय. शुक्रवारच्या बसने या. पांढरी तुम्ही घ्या.